प्रशिक्षकाकडून गोल्फ शिकताना: कोकणातील नवशिक्यांसाठी

गोल्फ शिकायचे ठरले की अनेक जण आधी क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच विकत घेतात आणि मग शिकवणारा शोधतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. नियमानुसार एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात, परंतु सुरुवातीला सात नंबरचे आयर्न (मधल्या अंतराच्या फटक्यांचा क्लब) आणि एक पटर (चेंडू खड्ड्याकडे घरंगळत नेण्याचा क्लब) एवढ्यावर सहज भागते. संच घ्यायचाच झाला, तर ज्याने आपला फटका जवळून पाहिला आहे त्या प्रशिक्षकाला विचारूनच घ्यावा.

कोकण किनाऱ्यावर गोल्फची मैदाने मोजकीच आहेत. पनवेल, पेण, अलिबाग या भागातील लोकांना सिडकोने विकसित केलेले खारघरचे मैदान जवळ पडते. त्याहून दक्षिणेकडून येणाऱ्यांचा सारा दिवस प्रवासात जातो, म्हणून त्यांनी तर प्रशिक्षक अधिकच पारखून निवडावा. त्याच्याकडे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियासारख्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे का, हे अवश्य विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो दुसऱ्या एखाद्या नवशिक्याला शिकवत असताना तासभर बाजूला बसून पाहण्याची परवानगी मागावी. अनुभवी प्रशिक्षकाला दहा चुका दिसत असतात, पण तो त्यांतील एकच निवडून तिच्यावर काम करतो.

पहिल्याच दिवशी कंबर, गुडघा किंवा खांद्याचे जुने दुखणे असल्यास स्पष्ट सांगावे. आपल्याकडे वाडीवाडीत टेनिस बॉलचे क्रिकेट खेळले जाते, तेव्हा ती सवयही सांगून टाकावी. कारण उजव्या हाताने खेळणारा फलंदाज खालच्या हाताच्या जोरावर चेंडू आडवा ओढतो, आणि गोल्फमध्ये तोच जोर क्लबफेसची, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूची, दिशा बिघडवतो. पकड कोणती घ्यावी, बोटे एकमेकांत गुंफावीत की एकावर एक ठेवावीत, हे हाताच्या ठेवणीवर अवलंबून असल्यामुळे ते प्रशिक्षकावर सोडावे.

सर्वांत जास्त वेळ जातो तो एका गैरसमजात, आणि माझे स्वतःचे जवळजवळ एक वर्ष त्यात गेले. चित्रफिती पाहून एकट्याने सराव करताना मी चेंडू वर जावा म्हणून क्लबने तो खालून उचलायचा प्रयत्न करीत असे. परिणामी क्लब कधी चेंडूच्या मागे जमिनीत रुतायचा, तर कधी चेंडूच्या माथ्याला घासून जायचा. चेंडू वर नेण्याचे काम क्लबफेसच्या तिरकेपणाचे असते, आपण आयर्नने उतरत्या दिशेने आधी चेंडूला आणि मग जमिनीला स्पर्श करायचा असतो, ही गोष्ट प्रशिक्षकाने माझ्या शेजारी उभे राहून करून दाखवली तेव्हाच अंगात उतरली. नवी हालचाल प्रथम चुकीचीच वाटते आणि काही दिवस फटके आधीपेक्षा वाईट जातात. त्या काळात शेजारी सराव करणाऱ्यांचा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी घेऊ नये.

धडा संपताच, घरी पोहोचण्यापूर्वी, प्रशिक्षकाचे शब्द वहीत उतरवावेत आणि त्याच्या संमतीने समोरून व मागून एकेक चित्रफीत घ्यावी. पुढच्या धड्यापर्यंतचा सराव घराजवळही होतो. ओहोटीच्या वेळी निर्मनुष्य किनाऱ्यावर ओल्या वाळूत एक रेघ ओढावी, ती दोन पायांच्या मधोमध घेऊन, चेंडू न ठेवता, क्लब फिरवावा. वाळूवरचा घाव रेघेवर किंवा तिच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडला पाहिजे. जांभ्याच्या कातळावर हा सराव मुळीच करू नये, मनगटाला इजा होते. पटिंग, म्हणजे पटरने चेंडू घरंगळवण्याचा सराव, घरातल्या लादीवर करता येते. मात्र लादीवर चेंडू फार वेगाने पळत असल्याने तिथे फक्त सरळपणा तपासावा, अंतराचा अंदाज हिरवळीवरच शिकावा. मैदानावरच्या होलचा, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या खड्ड्याचा, व्यास १०८ मिलिमीटर असतो, त्या मापाचा कागद कापून लक्ष्य म्हणून ठेवावा.

खाऱ्या वाळूतून आणलेला क्लब त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन कोरडा पुसावा, नाहीतर गंज धरतो. जून ते सप्टेंबरच्या पावसात धडे सतत खंडित होतात, म्हणून नोव्हेंबरमध्ये सुरुवात केलेली बरी. मेअखेरपर्यंत सलग सात महिने मिळतात. ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मात्र दूरवर गडगडाट ऐकू आला तरी क्लब खाली ठेवून ताबडतोब इमारतीत जावे.

फटका थोडा स्थिरावला की एक धडा सरावपट्टीऐवजी प्रत्यक्ष मैदानावर द्यावा, अशी विनंती करावी. उतारावर उभे कसे राहावे, झाडामागे चेंडू अडकला तर धाडस करावे की बाजूला काढावा, हे प्रशिक्षक तिथेच आपल्याबरोबर चालत शिकवू शकतो.