एजन्सीतून इन-हाऊसला जाताना: वेब डेव्हलपरने कोणत्या सवयी न्यायच्या, कोणत्या सोडायच्या

एजन्सीत वेगवेगळ्या क्लायंटच्या साइट बनवा किंवा इन-हाऊस, म्हणजे एकाच कंपनीत तिच्या स्वतःच्या साइटवर काम करा, दोन्हीकडे गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) तेच, पीएचपी किंवा रिॲक्टही तेच. फरक आहे तो काम संपतं कधी, यात. क्लायंटच्या प्रोजेक्टला शेवट असतो, पण तो तुम्हालाच लिहून ठरवावा लागतो. इन-हाऊस साइटला शेवट नसतो, त्यामुळे आज केलेली घाई आठ महिन्यांनी तुमच्याच गळ्यात येते.

क्लायंटचं काम: शेवट आधी लिहा

कोटेशनमध्ये ‘पूर्ण वेबसाइट’ हे शब्द कधीही लिहू नका. मोजून लिहा: १२ पानं, त्यांतल्या ३ पानांचं डिझाइन वेगळं, १ चौकशी फॉर्म, मराठी आणि इंग्रजी, दुरुस्तीच्या २ फेऱ्या. फेरी म्हणजे काय तेही लिहा: क्लायंटकडच्या एकाच माणसाने, एकाच ईमेलमध्ये पाठवलेली यादी. हे नसलं की मालक एक सांगतात, त्यांचा मुलगा दुसरं, आणि रात्री साडेदहाची व्हॉइस नोट फेरीत धरायची की नाही यावर महिना जातो. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने पाठवा.

समजा काम ९०,००० रुपयांचं आहे. ३६,००० सुरुवातीला, २७,००० डिझाइन मंजूर झाल्यावर, १८,००० स्टेजिंगवर (लाइव्ह होण्याआधीच्या चाचणी सर्व्हरवर) साइट दाखवल्यावर आणि ९,००० हस्तांतराच्या दिवशी, अशी वाटणी ठेवा. तिसरा हप्ता ‘साइट लाइव्ह झाल्यावर’ असा बांधलात की फसलात. कोड वेळेत होतो. रखडतो तो मजकूर आणि फोटो, आणि ते क्लायंटच्या हातात असतात. बिलाआधी त्यांच्या अकाउंटंटला टीडीएसचा दर विचारून घ्या. तांत्रिक सेवा धरली तर २ टक्के, व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के कापले जातात. स्वतंत्र काम करत असाल तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकवावं लागतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ही तरतूद आहे.

ओटीपी किंवा ऑनलाइन पेमेंट असेल तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी व्यवस्थेवर) एसएमएस टेम्प्लेटची नोंदणी आणि पेमेंट गेटवेचं केवायसी पहिल्याच आठवड्यात सुरू करा. ओटीपीचा कोड एका दुपारी लिहून होतो, कागदपत्रांना कित्येक दिवस लागतात. ही दोन्ही खाती क्लायंटच्या नावावर हवीत. डोमेनचंही तेच. डोमेन डेव्हलपरच्या खात्यात राहिलं की नूतनीकरणाचा ईमेल डेव्हलपरला येतो, तो तोवर दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो, आणि एका सकाळी साइट व कंपनीचे ईमेल एकदमच बंद पडतात.

कोड कोणाचा?

इथे बहुतेकांची समजूत चुकीची असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. फ्रीलान्सरचं तसं नाही. पैसे मिळाले तरी लेखी हस्तांतर होईपर्यंत कोड त्याचाच राहतो. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नाही तर कलम १९ नुसार ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहा, ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर’ ही अट घाला, आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वापरता त्या तुमच्या जुन्या लायब्ररीचा फक्त वापराचा परवाना द्या.

इन-हाऊस: पुन्हा उघडावं लागणार हे धरून लिहा

पहिले दोन आठवडे काही ‘सुधारू’ नका. रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल) वाचत साइट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा आणि जिथे अडाल ती पायरी तिथेच लिहून टाका. क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) कुठे चालतात, कोणते पासवर्ड आणि की कोणाकडे आहेत, बॅकअपवरून साइट शेवटची कधी परत उभी करून पाहिली, हे विचारा. विचित्र दिसणारा कोड पुसण्याआधी गिट ब्लेम (कोणती ओळ कोणी, कधी बदलली ते दाखवणारी आज्ञा) बघा. निम्म्या वेळा त्यामागे एखादा जुना ग्राहक किंवा अर्धवट सोडलेलं इंटिग्रेशन असतं.

सगळ्यात मोठी सवय बदलावी लागते ती डेटाबेसची. क्लायंटची साइट रात्री दोनला बंद ठेवून कॉलमचं नाव एका फटक्यात बदलता येतं. चालत्या प्रॉडक्टवर डिप्लॉय होत असताना, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढताना, काही मिनिटं जुना आणि नवा कोड एकत्र चालतो. जुन्याला त्याचा कॉलम सापडला नाही की एररचा पाऊस. म्हणून ‘फोन’चं ‘मोबाइल’ करायचं असेल तर आधी नवा कॉलम जोडा. मग दोन्हींत लिहिणारा कोड सोडा. जुन्या नोंदी हजार-हजारच्या तुकड्यांत भरा, कारण लाख ओळींचं एकच अपडेट टेबल अडवून ठेवू शकतं. नंतर वाचन नव्या कॉलमवर वळवा आणि आठवडाभर लॉग पाहून पुढच्या रिलीजमध्ये जुना काढा. अर्ध्या तासाचं काम दोन आठवडे चालतं, हे एजन्सीतून आलेल्याला सुरुवातीला पचत नाही.

नकार देण्याची रीतही बदलते. क्लायंटने वाढीव काम सांगितलं की वाढीव कोटेशन पाठवता येतं. इथे बिलच नसतं. म्हणून ‘होईल, पण या स्प्रिंटमधलं कोणतं काम बाहेर काढू?’ असं विचारा (स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) आणि उत्तर तिकिटात, म्हणजे त्या कामाच्या नोंदीत, लिहून ठेवा. महत्त्वाच्या निर्णयावर अर्धं पान लिहा: काय ठरलं, का, आणि कोणता पर्याय सोडला. एजन्सीतली १५ मिनिटांच्या हिशेबाने वेळ नोंदवण्याची सवय मात्र सोडू नका. पुढचा अंदाज त्यावरूनच खरा येतो.

उलट दिशेने, म्हणजे इन-हाऊसमधून क्लायंटच्या कामाकडे येणारे नेमकी उलटी चूक करतात. पाच पानांच्या साइटला मायक्रोसर्व्हिस (अनेक छोट्या स्वतंत्र सेवांची रचना) आणि तीन पायऱ्यांचं डिप्लॉयमेंट लावतात, मग फोटो बदलायलाही क्लायंटला त्यांचेच पाय धरावे लागतात. तिथे वर्डप्रेस, रोजचा बॅकअप आणि तासाभराचं प्रशिक्षण पुरतं. प्रशिक्षणाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून द्या. ऑफिसातली माणसं बदलतात, आणि नव्या माणसाचा पहिला फोन तुम्हालाच येतो.