चार-पाच नाण्यांत भागतं: गायकवाडी नाणी कशी वाचावीत

नाण्यांचा छंद लागला की लोक आधी अल्बम आणतात, मग किलोवर मिळणारी नाणी. थोड्याच दिवसांत दोन्ही माळ्यावर. बडोद्यात राहत असाल तर गायकवाडी नाणी धरा, तीही चार-पाचच.

ती मिळवणं सोपं. दांडिया बाजारच्या जुन्या मराठी घरांत विचारा, कुणा आजींच्या डब्यात एखादं तांब्याचं निघतंच. उसनं असलं तरी चालतं. भिंग, टॉर्च आणि वही एवढंच सामान.

खरी मेख वाचण्यात आहे. पहिली गोष्ट, घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही नाही! दसऱ्याच्या भांड्यांसारखी लखलखीत केलेली नाणी लोक कौतुकाने दाखवायला आणतात आणि मला रडू येतं. अक्षरांच्या कडा एकदा गेल्या की गेल्या. शिवाय उंचवटे झिजून उजळ आणि खळगे काळे, या फरकावरच तर आपण वाचतो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि टिपून घ्या.

रात्री खोलीतला दिवा मालवा. टॉर्च वरून मारू नका, टेबलाला टेकवून आडवा धरा आणि नाणं सावकाश फिरवा. सपाट वाटणाऱ्या तांब्यावर एका कोनात ‘एक पैसे’ उठून येतं, जरा फिरवलं की गायब. दिसेल ते तिथल्या तिथे वहीत काढा. अर्धा काना दिसला तर अर्धाच काढायचा. अंदाजाने शब्द पुरा करणाऱ्यांच्या वह्या मी वाचत नाही.

तिसऱ्या सयाजीरावांचे यंत्रावर पाडलेले पैसे त्यातल्या त्यात सोपे. तलवार आणि घोड्याचा खूर ही ओळख, साल संवतात. संवत १९४९ म्हणजे इ.स. १८९२-९३, इकडचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं, म्हणून दोन सालं.

त्याआधीची हाताने ठोकलेली नाणी मात्र घाम काढतात. ठसा नाण्याहून मोठा, त्यामुळे निम्मा मजकूर काठाबाहेर, आणि तोही फारसी. इथेच बरेच जण नाद सोडतात. फारसी तूर्त बाजूला ठेवा आणि नागरी अक्षर शोधा: ‘ख’ सापडला तर खंडेराव (१८५६-७०), ‘म’ सापडला तर मल्हारराव (१८७०-७५). अक्षर काठावर कापलं गेलं असेल तर त्याच प्रकारच्या दुसऱ्या नाण्याचा फोटो शेजारी ठेवा. ठोका प्रत्येक वेळी थोडा सरकलेला असतो, एकावर कापलेलं दुसऱ्यावर सापडतं. त्यासाठी दुसरं नाणं विकत घ्यायची गरज नाही, लिलावांचे कॅटलॉग ऑनलाइन फुकट चाळता येतात.

वाचून झालं की उसनं नाणं परत करा, आपलं असेल तर कागदी पाकिटात घाला. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो.