कॅपमध्ये (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) मुलींना खरंच वेगळ्या जागा असतात का, आणि फॉर्म भरताना त्याचं काय करायचं

सीईटीचा निकाल लागला की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत एकच चर्चा, पोरींचं काय लगेच होतंय ॲडमिशन, नुकसान पोरांचं. पुतणीचा इंजिनिअरिंगचा फॉर्म मी शेजारी बसून भरून घेतलाय म्हणून नीट सांगते.

मेरिट नंबर सगळ्यांचा एकाच यादीत लागतो, तिथं मुलगा-मुलगी बघत नाहीत. फरक पडतो तो सीट वाटताना. आपल्या राज्याच्या कॅपमध्ये ३० टक्के जागा मुलींना आहेत आणि त्या प्रत्येक कॅटेगरीच्या आतल्याच, म्हणजे ओपनच्या २० असतील तर त्यातल्या ६. त्या भरायला मुली कमी पडल्या तर उरलेल्या त्याच कॅटेगरीतल्या पोरांना जातात, रिकाम्या राहत नाहीत.

आता कटऑफची पीडीएफ उघडा. त्यात प्रत्येक सीटला एक कोड असतो, त्याचं पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज. मधे कॅटेगरी आणि शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे आपल्या भागाचं विद्यापीठ, आपल्या सातारा-सांगलीवाल्यांना शिवाजी विद्यापीठ. इथंच लोक चुकतात, जी म्हणजे पोरांची सीट असं धरून मुलीला फक्त एलचा कटऑफ दाखवतात. जी सगळ्यांची आहे, मार्कांवर मुलगीही तिथं बसते. म्हणून दोन्ही आकडे बघा, मागच्या दोन-तीन वर्षांचे बघा, कुठंकुठं एल थोडा खाली असतो आणि कुठं दोन्हीत काहीच फरक नसतो.

आणि ऑप्शन फॉर्ममध्ये एल की जी असं काही निवडायचंच नसतं, फक्त कॉलेज आणि ब्रँच, बाकी सिस्टीम स्वतः बघते. तेव्हा पोरीला सांगलीच्या वालचंद कॉलेजची किंवा कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजची मनापासून हवी असलेली ब्रँच वर टाका, "रोज जायला लांब पडेल" म्हणून घरच्यांनी परस्पर खाली ढकलू नका, मला याचं फार वाईट वाटतं. पहिलंच ऑप्शन लागलं तर ते ऑटो फ्रीझ होतं, मग बदलता येत नाही.

आयआयटीचं गणित वेगळंय. तिथं २०१८ पासून मुलींसाठी जादाच्या जागा काढल्या, २०२० ला २० टक्क्यांपर्यंत नेल्या, त्यामुळं पोरांच्या आहेत त्या जागा कमी झाल्या नाहीत.

फीचं मात्र विसरू नका. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसीतल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण ॲडमिशन कॅपमधूनच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर करायचा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदं मे महिन्यातच सेतूत टाकून ठेवा, जूनला तिथं उभं राहायला जागा नसते.