बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, नागपूर: एकाच फेरीत सगळे नातेवाईक कसे गाठायचे

आपल्याकडे बऱ्याच घरांत असं असतं की आत्या बडोद्याला, मामेभाऊ इंदूरला, आईची मावशी ग्वाल्हेरला लष्कर भागात, कॉलेजची मैत्रीण लग्न होऊन नागपूरला, आणि दर दिवाळीला सगळ्यांना फोनवर "या वर्षी नक्की येतो हं" म्हणून झालेलं असतं. गायकवाड, होळकर, शिंदे जिकडे गेले तिकडे आपली माणसं पण गेली आणि तिथलीच झाली. आता एकेक गाव वेगळं करायचं म्हटलं तर रजा पुरत नाही. त्यामुळे एकच मोठी गोल फेरी करायची, आणि ती जमते, फक्त आखणी नात्यावरून करायची नाही, रेल्वेच्या रुळांवरून करायची. मान आधी कोणाचा, मोठं कोण, हे सगळं एकदा गावात पोचलात की बघा.

आता रूळ काय सांगतात बघा. पुण्याहून इंदूरला सरळ वर जाणारी लाईनच नाहीये. मनमाड-इंदूर मार्गाला २०२४ मधे केंद्राची मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटरचा आहे, तो होईल तेव्हा होईल. तोपर्यंत इंदूरची गाडी कल्याण, वसई, सुरत, बडोदा, रतलाम, उज्जैन अशी गुजरातमधून वळसा घालून जाते, मुंबईची अवंतिका एक्सप्रेस पण तशीच. म्हणजे बडोद्याची आत्या वाटेतच आहे, तिच्यासाठी वेगळी ट्रिप काढायची गरजच नाही. इंदूरहून पुढे गुणा मार्गे ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून झाशी अगदी जवळ, साधारण शंभर किलोमीटर, आणि झाशीहून भोपाळ, इटारसी करत नागपूर, ही दिल्लीची मेन लाईन आहे, गाड्यांना तोटा नाही. नागपूरहून घरी. कोणाला नागपूर नको असेल तर झाशीहून झेलम किंवा गोवा एक्सप्रेसनं मनमाडवरून थेट पुणे. गंमत म्हणजे झाशी उत्तर प्रदेशात आणि ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, त्यामुळे तेवढ्या दीड-दोन तासांत एक राज्य वाढतं.

ॲपवर शोधताना झाशी "वीरांगना लक्ष्मीबाई झाशी" या नावानं दिसतं, आणि भोपाळला उतरणार असाल तर जुनं हबीबगंज आता राणी कमलापती झालंय, ते वेगळं स्टेशन आहे. घ्यायला येणाऱ्या माणसाला नीट सांगा नाहीतर तो एका स्टेशनवर, तुम्ही दुसऱ्या.

बुकिंगचं जरा शांतपणे वाचा, खरी मेख इथेच आहे. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं (पूर्वी १२० होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं), सकाळी ८ वाजता. फेरी दोन आठवड्यांची असेल तर सगळी तिकिटं एका दिवशी मिळत नाहीत, पहिल्या टप्प्याचं आज उघडलं तर शेवटच्याचं दोन आठवड्यांनी, म्हणून प्रत्येक टप्प्याची तारीख कॅलेंडरवर लिहून अलार्म लावा. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून घ्या, त्याशिवाय आता सुरुवातीच्या वेळात बुकिंग होत नाही आणि तत्काळ तर नाहीच नाही. तत्काळ आदल्या दिवशी एसीला १० वाजता, स्लीपरला ११ वाजता, पण अख्खी फेरी तत्काळच्या भरवशावर आखू नका, एक टप्पा हुकला की पुढची सगळी तिकिटं बोंबलतात. वेटिंगच्या तिकिटावर रिझर्व्हेशनच्या डब्यात बसूही देत नाहीत.

त्यातल्या त्यात झाशी-नागपूर टप्पा अवघड. गाड्या भरपूर आहेत पण त्या दिल्लीहून दक्षिणेला जाणाऱ्या, मधल्या स्टेशनांना कोटा थोडा असतो आणि मधल्या कोट्याचं वेटिंग लवकर सरकत नाही. अशा वेळी तिकीट गाडी जिथून सुटते तिथपासून काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन बदलून झाशी करायचं. थोडे पैसे जास्त जातात पण सीट मिळते. बोर्डिंगचा बदल मात्र तिकीट काढलं की लगेच करून टाका, शेवटच्या दिवसावर ठेवू नका, आणि एकदा बदललं की झाशीच्या आधीच्या स्टेशनवर चढायचा हट्ट करायचा नाही.

आईबाबा बरोबर असतील तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. लोअर बर्थचा कोटा ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या बायका यांना आहे पण एका तिकिटावर एकटे किंवा दोघंच असतील तर, सहा जणांच्या तिकिटात घातलंत की बाबा अपर बर्थवर. ज्येष्ठांची रेल्वेची सवलत २०२० पासून बंद आहे ती आहेच. एसटीत ७५ च्या पुढे फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. एमपीमधे तर एसटीसारखं सरकारी महामंडळ कधीच बंद पडलंय, सगळ्या प्रायव्हेट बस, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिकडे बसच्या नादी लागू नका.

अजून एक फारसं कोणाला माहीत नसलेलं, रेल्वेचं सर्क्युलर जर्नी तिकीट असतं. जिथून निघालात तिथेच परत येणार असाल तर अख्ख्या गोल मार्गाचं एकच तिकीट, मधे जास्तीत जास्त ८ ठिकाणी उतरता येतं, आणि लांब पल्ल्याच्या दरानं हिशोब होत असल्यामुळे स्वस्त पडतं. पण ते ऑनलाइन नाही, मार्ग लिहून स्टेशनवर किंवा डिव्हिजनच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, मग प्रत्येक गाडीचं रिझर्व्हेशन वेगळं. वेळ आणि चिकाटी असेल तरच, नाहीतर सुटी तिकिटं बरी.

कधी जायचं? डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरकडे धुकं असतं, गाड्या तासन्‌तास लेट, मे महिन्यात ऊन इतकं की कोणाच्या घरातून बाहेर पडवत नाही. फेब्रुवारी उत्तम. रंगपंचमीला इंदूरला राजवाड्याजवळ गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) निघते ती बघायची असेल तर तशा तारखा लावा, पण त्या दिवशी त्या भागात रिक्षा मिळेल ही आशा सोडा.

आता माणसांचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोनवर येण्याची तारीख सांगताना त्याच वाक्यात जाण्याची सांगायची. "काकू, आम्ही बारा तारखेला सकाळी येतोय आणि चौदाच्या रात्रीची गाडी आहे, तिकीट झालंय." तिकीट झालंय हे शब्द हवेतच. नुसतं "येतोय दोन-तीन दिवस" म्हटलंत की "एवढ्या लांबून येता आणि लगेच काय, रविवारपर्यंत राहा" सुरू होतं आणि पुढच्या गावाचं गणित कोसळतं.

एका गावात एकाच घरी उतरायचं. इंदूरला चुलतभाऊ दोन असतील आणि त्यांचं आपापसात बोलणं बंद असेल (असतंच, वाडा विकला तेव्हापासून), तर वयानं मोठा त्याच्याकडे राहायचं, दुसऱ्याकडे एक पूर्ण जेवण घ्यायचं, नुसता चहा नाही. आणि याच्याकडचं त्याच्याकडे बोलायचं नाही, कोणी खोदून विचारलं तरी "सगळे मजेत आहेत" एवढंच. कोणाकडे वर्षभरात कोणी वारलं असेल तर तिथे सगळ्यात आधी जाऊन यायचं, पेढेबिढे न नेता, आणि त्या भेटीला जोडून फिरायचा प्रोग्रॅम ठेवायचा नाही. हे निघायच्या आधी आईला किंवा घरातल्या मोठ्या माणसाला विचारून कागदावर लिहून घ्या, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळंच येत नाही.

जेवणाचंही आधी सांगून टाका. इंदूरला सराफ्यातली खाऊगल्ली रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर सुरू होते, आणि वहिनीनं आमरस-पुरणपोळी करून ठेवली असेल तर भुट्ट्याचा कीस खाणार कुठे? सकाळीच सांगायचं, आज रात्री स्वयंपाक नको, सगळे मिळून सराफ्यात जाऊ. वहिनीला पण सुट्टी मिळते, वरवर नाही म्हणेल पण चप्पल सगळ्यात आधी तीच घालते.

न्यायचं काय, तर बाकरवडी सगळेच नेतात. त्यापेक्षा फोन करून विचारा. तिकडच्या मराठी घरांत बहुतेक वेळा मागणी असते ती गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, मोदकाची पिठी याची. प्रत्येक घराची एक पिशवी घरूनच बांधून वर नाव लिहून ठेवा, तिथे बॅगा उपसत बसू नका. आणि बॅग अर्धी रिकामीच न्या कारण परत येताना ओटीचे ब्लाऊजपीस, साड्या, बडोद्याचा लीलो चिवडा, इंदूरची शेव, ग्वाल्हेरची गजक हे सगळं गळ्यात पडतं, नाही म्हणायची सोय नसते. स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो फ्री आहे, वजनाचं टेन्शन नाही, उचलायचं आहे. फारच झालं तर साड्या नागपूरहून पोस्टानं पार्सल करा. क्लोकरूममधे सामान ठेवणार असाल तर प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, पिशव्या घेत नाहीत.

जुन्या मित्रमैत्रिणींना नातेवाईकांच्या घरी बोलवू नका. काका समोर बसलेले असताना हॉस्टेलचे किस्से निघत नाहीत. नागपूरला सकाळी तर्री पोहे खायला भेटा, दोन तास मोकळे ठेवा आणि नवरा-बायको-मुलं यांना त्या दोन तासांत दुसरीकडे पाठवा. मित्राला दिवस विचारू नका, वेळ विचारा, "कधी भेटायचं" ला उत्तर येत नाही, "गुरुवारी आठ वाजता सीताबर्डीला येतोस का" ला येतं.

मधे कुठेतरी एक रात्र कोणाचीच नाही अशी ठेवा, लॉज घ्या किंवा स्टेशनवरची रिटायरिंग रूम, कपडे धुवा, झोपा, कोणाशी बोलू नका. माझ्या मते झाशी बरी, किल्लाही बघून होतो. फक्त ही रात्र झाशीत आहे हे झाशीतल्या नातेवाइकांना कळू देऊ नका.

नागपूरहून पुण्याला रात्रीच्या गाड्या आहेत, आणि २०२५ पासून नागपूरच्याच अजनी स्टेशनहून दिवसाची वंदे भारत पण आहे, पण बारा तास बसून जायचं असतं, म्हाताऱ्यांना रात्रीचा बर्थच सोयीचा. पोचल्याच्या दिवशी ऑफिस ठेवू नका. मशीन दोनदा लावावं लागतं आणि "पोचलो" म्हणून प्रत्येक घरी फोन करायचा असतो, ग्रुपवर मेसेज टाकून बडोद्याच्या आत्याचं समाधान होत नाही.