काळ्या मातीवर प्रोजेक्ट घेताय?

स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.टेक.ला 'सॉइल स्टॅबिलायझेशन' (माती बांधकामासाठी पक्की करणं) घेणारी मुलं माती आणली की थेट सीबीआरचा, म्हणजे माती किती भार पेलते ते मोजणाऱ्या चाचणीचा, साचा भरायला घेतात. माझं ऐकाल तर सुरुवातीचे दिवस नुसत्या मातीला द्या. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १० ग्रॅम काळी माती एका नळकांड्यात पाण्यात टाका, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात चढत जाते. २४ तासांनी दोन पातळ्यांमधला फरक पाहिलात की मराठवाडा-विदर्भातले रस्ते का उखडतात, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग चुना. त्याची दोन कामं आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी होतात, हे पक्कं लक्षात ठेवा. आधी चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, कण एकमेकांना धरतात आणि तळहाताला चिकटणारी माती थोड्याच वेळात रवाळ होते. ताकद मात्र सावकाश येते. मातीतलं सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून सिमेंटसारखे बंध तयार व्हायला आठवडे लागतात, ओलही टिकावी लागते. त्यामुळे ७ दिवसांच्या निकालावरून चुन्याला नावं ठेवू नका, २८ दिवसांचे नमुने ठेवाच. चुना किती घालायचा, हे पीएचवरून ठरवता येतं. मिश्रणाचा पीएच १२.४ च्या आसपास नेणारं सर्वांत कमी प्रमाण ही चांगली सुरुवात.

चुन्याची माती कडक होते, पण ठिसूळही. ती एकदम तडकते. काथ्या इथे उपयोगी पडतो. तो रासायनिक काही करत नाही, फक्त भेग रुंदावू देत नाही. वजनाच्या अर्धा ते एक टक्का काथ्या, बोटाच्या पेरापेक्षा लांब नको. सगळा एकदम ओतलात तर त्याचे गोळे होतात. माती किंचित ओलसर करा आणि चिमटीचिमटीने भुरभुरा, एकाने टाकावा, दुसऱ्याने कालवावं. लिग्निन भरपूर असल्याने काथ्या तागापेक्षा उशिरा कुजतो, पण कुजतोच. अहवालात त्याला कायमचा आधार म्हणू नका.

सर्वांत जास्त गडबड होते ती प्रॉक्टरमध्ये, म्हणजे किती पाण्यात माती सर्वांत घट्ट ठोकली जाते ते शोधणाऱ्या चाचणीत. चुना घातला की कमाल शुष्क घनता उतरते आणि पाणी जास्त लागतं. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा प्रॉक्टर वेगळा करायचा. साध्या मातीचा आकडा सगळ्यांना लावला तर पुढचे सीबीआर एकमेकांशी ताडताच येत नाहीत. सीबीआर ४ दिवस पाण्यात ठेवूनच घ्या. कोरड्या काळ्या मातीचा आकडा छान येतो, पण रस्ता जुलैतही वापरायचा असतो. आयआरसी ३७ मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यांसाठीची संहिता) दिवसाला ४५० हून जास्त व्यापारी वाहनं असलेल्या रस्त्याच्या सबग्रेडसाठी, म्हणजे रस्त्याखालच्या मातीच्या थरासाठी, किमान ५ टक्के सीबीआर सांगितलाय. तुमचा निकाल त्याच्याशी लावून बघा.

आणि चुना घालण्याआधी मातीतलं सल्फेट तपासून घ्या. ते जास्त असेल तर चुन्याशी मिळून एट्रिंगाइट नावाचं फुगणारं खनिज तयार होतं आणि माती उलट आणखी फुगते.