व्हॅटिकनला जाताय? निदान या चुका करू नका

"एवढंसं तर आहे, अर्ध्या दिवसात उरकू." रोमचं तिकीट काढलेला जो तो मला फोनवर हेच ऐकवतो. तीनदा जाऊन आल्यामुळे नातेवाइकांत मी आपोआप व्हॅटिकनचा जाणकार ठरलोय. हे वाक्य कानावर पडलं की पुढे काय होणार ते मला दिसायला लागतं. देश ४४ हेक्टरचा आहे, कबूल. दादरची चार शिवाजी पार्कं, बस्स. पण आत शिरायची दारं दोन, आणि बहुतेकांचा दिवस तिथेच बोंबलतो.

सेंट पीटर्सचा चौक आणि बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च, पूर्वेला. म्युझियमचं दार उत्तरेच्या तटाला, व्हियाले व्हातिकानो या रस्त्यावर. मध्ये तटाला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटांची चाल. हातात दहाचं तिकीट, घड्याळात दहाला पाच कमी आणि माणूस चौकात उभा, असं एक तरी कुटुंब मला दर खेपेला भेटलंय. म्युझियमला जायचं तर मेट्रोच्या ए लाइनवर ओत्ताव्हियानो किंवा चिप्रोला उतरा आणि कोणाला "व्हॅटिकन कुठे?" असं विचारू नका, "म्युझियम कुठे?" असं विचारा.

आता माझी लाडकी चूक. म्युझियमच्या आतच असलेल्या सिस्टीन चॅपलमध्ये मागच्या बाजूला उजवीकडे एक दार आहे. ते गाईडसोबतच्या गटांसाठी असतं आणि तिथून थेट बॅसिलिकेकडे उतरता येतं. आमच्या मेहुण्याने ही 'ट्रिक' कुठल्याशा व्हिडिओत पाहिली होती. दुसऱ्या खेपेला तो, बायको, सासूबाई आणि मी असे चौघे होतो. एका गटाच्या शेपटाला चिकटून स्वारी बाहेर पडली, मागोमाग आम्ही. बॅसिलिकेची रांग वाचली म्हणून पठ्ठ्या खूश. बॅसिलिकेच्या पायऱ्यांवर सासूबाई म्हणाल्या, "अहो, माझी गोळी जेवणाआधीची आहे हो. बॅग कुठंय?"

बॅग म्युझियमच्या क्लोकरूममध्ये. मोठ्या बॅगा, लांब छत्र्या तिथेच ठेवाव्या लागतात, आणि परत घ्यायला त्याच दाराशी जावं लागतं. जुलैची दुपार, एका बाजूला उंच तट, सावली नावाला नाही. टोकन घेऊन मी निघालो. मेहुण्याचा पाय नेमका तेव्हाच मुरगळला होता. जाऊन-येऊन पाऊण तास गेला. वाचवलेली रांग किती मिनिटांची होती, हे मी त्याला अजून विचारतो.

शिवाय त्या दाराने गेलं की म्युझियमचा उरलेला भाग आणि वास्तुविशारद जुझेप्पे मोमोचा १९३२ चा गोल जिना, दोन्ही हुकतात. गाईड नसेल तर ते दार विसरा आणि बॅग हॉटेलवर ठेवा. मी फक्त खांद्याला अडकवायची छोटी पिशवी नेतो, त्यात पाणी, गोळ्या आणि एक ओढणी. ओढणी कशाला? खांदे आणि गुडघे उघडे असतील तर बॅसिलिकेत सोडत नाहीत.

चॅपलमध्ये पाच मिनिटांत गरागरा फिरून निघणाऱ्यांना काय म्हणावं? फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे करण्यासारखं काही उरलं नाही असं त्यांना वाटतं. कडेला बाकं आहेत. जागा मिळाली की बसा, आधी छत बघा, मग वेदीमागची भिंत. तिथे संत बार्थोलोम्यूच्या हातात स्वतःचीच सोललेली कातडी लोंबतेय, आणि तिच्यावरचा चेहरा मायकेलअँजेलोने स्वतःचा काढला असं मानतात. छत १५१२ मध्ये संपवलेल्या माणसाने जवळजवळ पंचवीस वर्षांनी परत येऊन ही भिंत हाती घेतली. पाच मिनिटांत काय दिसणार?

वाराचा घोळ. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी जाहीर भेट असते. ती चौकात असेल तर तेवढा वेळ बॅसिलिका पर्यटकांना बंद. भेटीची प्रवेशिका फुकट मिळते, कोणी पैसे मागितले तर पुढे चला. म्युझियम रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद. त्या दिवशी ते फुकट असतं, पण लवकर बंद होतं. फुकट म्हणून तोच दिवस धरणाऱ्यांनी आषाढीची दर्शनबारी आठवावी. २९ जूनला, संत पीटर आणि पॉल यांच्या सणाला, म्युझियम बंद असतं.

बॅसिलिकेच्या घुमटाला लिफ्ट आहे, पण ती वरपर्यंत जात नाही. एकूण ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात, आणि शेवटी भिंतच अंगावर कलते. गुडघ्यांची तक्रार असेल तर खालीच मायकेलअँजेलोचं पिएता हे शिल्प बघत बसा.

व्हॅटिकनचा वेगळा व्हिसा नसतो, इटलीसाठी काढलेला शेंगेन पुरतो. पासपोर्टवर शिक्का मिळत नाही, मागून हसं करून घेऊ नका.

शिक्क्याची हौस पोस्टकार्डावर भागवा. इथे मात्र मीच माती खाल्ली आहे. पहिल्या खेपेला व्हॅटिकनची तिकिटं लावलेली पाच कार्डं हॉटेलवर निवांत लिहिली आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकली. ती पेटी इटलीची. व्हॅटिकनची तिकिटं तिथे चालत नाहीत. कार्डं व्हॅटिकनच्याच पिवळ्या पेटीत पडायला हवीत. पाचांतलं एकही पोचलं नाही. तेव्हा तिकिटं घेतल्यावर कार्डं तिथेच उभ्या उभ्या लिहा, आणि पेन घरून न्या.