वृद्ध माजी सैनिकाच्या वृद्ध कुत्र्यासाठी मायेचे घर कसे शोधावे

सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेला, ऐंशीच्या पुढे गेलेला माणूस एकटा राहत असतो आणि त्याच्या सोबतीला बारा-तेरा वर्षांचा कुत्रा असतो. एखाद्या दिवशी पडण्याचे निमित्त होते, खुब्याचे हाड मोडते किंवा स्मरणशक्ती दगा देऊ लागते. माणसाची सोय रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात दोन दिवसांत लागते, पण कुत्र्याचे काय करायचे हे कोणी ठरवलेलेच नसते. मग तो घाईघाईत प्राण्यांच्या निवारा केंद्रात पोहोचतो, आणि तिथे आलेली माणसे पिल्लांकडे आणि तरुण कुत्र्यांकडे आधी वळतात. हे टाळता येते. त्यासाठी घराचा शोध मालक स्वतः बोलू आणि सांगू शकतो तोपर्यंतच सुरू करावा लागतो आणि घर निवडताना, कोणाला त्या कुत्र्याची दया आली यापेक्षा कोणाच्या घरचा दिनक्रम त्याच्या दिनक्रमाशी जुळतो हे पाहावे लागते.

विषय कसा काढावा

सर्वांत अवघड पायरी हीच आहे. “आता तुम्हाला कुत्रा झेपणार नाही” असे वाक्य ज्याने आयुष्यभर जबाबदारी अंगावर घेतली त्या माणसाला सांगितले, तर तो दार लावून घेतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. त्याऐवजी त्याच्याच भाषेत विचारावे: “तुम्ही आठ दिवस रुग्णालयात राहिलात, तर याचा ताबा कोणाकडे द्यायचा?” फौजेत प्रत्येक कामाला पर्यायी माणूस नेमलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न त्याला अपमानाचा वाटत नाही. बहुतेक वेळा तो स्वतःच एखादे नाव सुचवतो. आधी या तात्पुरत्या सोयीचे ठरवावे. कायमच्या घराचा विषय त्यातूनच पुढे निघतो. निर्णय मात्र शेवटपर्यंत त्याचाच राहू द्यावा. मुलांनी किंवा सुनेने परस्पर ठरवून कुत्रा नेला, तर माणूस आणि प्राणी दोघेही खचतात.

कुत्रा नेमका कोणाच्या नावावर आहे

तो घरगुती पाळीव कुत्रा असेल तर हा प्रश्न लवकर सुटतो. मात्र काही माजी सैनिकांकडे खास प्रशिक्षण दिलेला साहाय्यक श्वान असतो. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये मार्गदर्शक श्वानांची शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून अशी कुत्री तयार करणाऱ्या संस्था अनेक देशांत उभ्या राहिल्या. यांपैकी काही संस्था कुत्र्याची मालकी स्वतःकडेच ठेवतात किंवा तो निवृत्त झाल्यावर परत घेण्याचा हक्क करारात लिहून ठेवतात. म्हणून जुना करार शोधून नीट वाचावा आणि दुसऱ्या कोणाला शब्द देण्याआधी संस्थेला कळवावे. अशा संस्थांकडे निवृत्त श्वानांसाठी थांबलेल्या कुटुंबांची यादीही असू शकते, तेव्हा हा दूरध्वनी वाया जात नाही.

याच वेळी कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप आहे का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. या चिपमध्ये सामान्यतः १५ अंकी क्रमांक असतो. कुत्रा कुठे आहे हे ती दाखवत नाही. क्रमांक वाचल्यावर नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच मालक म्हणून समोर येतो. कुत्रा नव्या घरी गेला आणि नोंदणी जुनीच राहिली, तर तो हरवल्यावर फोन बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहतो.

तब्येतीची खरी नोंद

महाकाय जातींचे कुत्रे साधारण सहाव्या-सातव्या वर्षीच म्हातारपणाकडे झुकतात, तर लहान चणीचे कुत्रे दहा-अकरा वर्षांपर्यंत टुणटुणीत असतात. त्यामुळे नुसत्या वयाच्या आकड्यावरून काही ठरवू नये. पशुवैद्याकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी आणि तीत रक्त, लघवी, दात, सांधे आणि हृदय यांचा समावेश असावा. नव्या घराला हा अहवाल जसाच्या तसा द्यावा. आजार लपवून दिलेला कुत्रा पहिल्या मोठ्या खर्चाच्या वेळी परत येतो, आणि म्हाताऱ्या जिवाला दुसऱ्यांदा घर बदलणे फार जड जाते.

काही लक्षणे घरच्यांना सवयीने दिसेनाशी होतात, ती मुद्दाम पाहावीत. कुत्रा एकाच सांध्याला सारखा चाटत असेल किंवा जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकत असेल, तर तो हट्टी झाला असे समजू नये. बहुधा त्याला दुखत असते. रात्री घरभर फेऱ्या घालणे, कोपऱ्यात जाऊन अडकणे, भिंतीकडे पाहत राहणे ही मेंदूच्या वार्धक्याची चिन्हे असू शकतात. डोळ्यांवर दिसणारी निळसर झाक प्रत्येक वेळी मोतीबिंदूच असते असे नाही. वयामुळे भिंग घट्ट झाले तरी तशी झाक येते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. शांत झोपेत श्वासाचा वेग मिनिटाला ३० च्या वर राहत असेल, किंवा कुत्रा दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर पशुवैद्याला दाखवावेच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, कुत्र्याला कधीही देऊ नयेत, हे नव्या घरालाही स्पष्ट सांगावे. म्हाताऱ्या कुत्र्याला लंगडताना पाहून चांगली माणसेसुद्धा ही चूक करून बसतात.

दिनक्रमाची वही

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. एकट्या राहणाऱ्या माजी सैनिकाचा दिवस घड्याळावर चालतो आणि त्याचा कुत्राही त्याच घड्याळावर वाढलेला असतो. पहाटे किती वाजता दार उघडायचे, कोणत्या बाजूने चालायचे, जेवण कधी, कुठे आणि कशात, रात्री दिवा कधी मालवायचा, हे सारे मालकाच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावे. त्याला लिहिता येत असेल तर त्याच्याच हाताने लिहू द्यावे.

मला एक प्रसंग आजही स्पष्ट दिसतो. नव्या घरी गेलेला एक म्हातारा कुत्रा भरलेल्या भांड्यासमोर ताठ बसून राहिला होता. तोंडातून लाळ गळत होती, नजर भांड्यावर खिळली होती, पण तो तोंड लावीना. घरच्यांना वाटले, त्याने मालकाच्या आठवणीने अन्न सोडले. दुसऱ्या दिवशी जुन्या मालकाला फोन लावला तेव्हा ते म्हणाले, “त्याला हुकूम द्या, तो वाट पाहतो आहे.” तो एक शब्द होता आणि तो कोणीच लिहून ठेवला नव्हता. शब्द उच्चारताच भांडे मिनिटभरात रिकामे झाले.

म्हणून वहीत हुकमांचे शब्द नेमक्या उच्चारासह लिहावेत, आणि शक्य असेल तर मालकाच्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. हातांच्या खुणांचे चित्रीकरण तर अवश्य करावे, कारण म्हातारपणी कुत्र्याचा कान बऱ्याचदा मंदावतो आणि मग खुणाच उपयोगी पडतात. सैनिकी शिस्तीत कुत्रा बहुधा डाव्या बाजूला चालवला जातो. नव्या माणसाने त्याला उजव्या बाजूला चालवले तर कुत्रा गोंधळतो आणि तो ओढतो असा त्याच्यावर शिक्का बसतो. तो कोणत्या आवाजाने दचकतो, कुठे हात लावलेला त्याला सहन होत नाही, झोपेतून उठवताना आधी काय करायचे, याही गोष्टी लिहाव्यात.

घर कुठे शोधावे आणि कसे पारखावे

आधी ओळखीची माणसे पाहावीत: नातेवाईक, रोज फिरताना भेटणारे शेजारी, जुन्या पलटणीतले सहकारी आणि त्यांची मुले. फौजी घरात वाढलेल्या मुलांना ती शिस्त नवीन नसते. त्यानंतर माजी सैनिकांच्या संघटना, कुत्र्याला वर्षानुवर्षे पाहत आलेला पशुवैद्य आणि त्या जातीच्या कुत्र्यांसाठी काम करणारे गट यांना विचारावे. समाजमाध्यमांवर आवाहन करायचे असेल तर मालकाचा पत्ता, तो एकटा राहतो ही माहिती आणि त्याच्या सेवेचा तपशील देऊ नये. एकट्या वृद्धाची माहिती चव्हाट्यावर मांडणे धोक्याचे असते.

ज्यांची स्वतःची नोकरी संपली आहे, मुले मोठी झाली आहेत आणि घरात दिवसभर माणूस असतो, अशी कुटुंबे म्हाताऱ्या कुत्र्याला चांगली मानवतात. तो “बिचारा” आहे म्हणून लगेच नेऊ पाहणाऱ्यांच्या बाबतीत मी थोडी थांबते, कारण दया महिनाभरात ओसरू शकते आणि रात्री तीन वाजता ओली झालेली फरशी पुसणे मात्र वर्षभर चालते. घरी जाऊन पाहावे. फरशी घसरडी आहे का, किती पायऱ्या आहेत, आधीचे प्राणी कसे आहेत, लहान मूल झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर जाईल का, हे तपासावे. औषधांचा खर्च कोण करणार, हेही संकोच न करता विचारावे. मालकाची ऐपत असेल तर कायद्याच्या जाणकाराच्या सल्ल्याने मृत्युपत्रात किंवा वेगळ्या निधीत त्यासाठी तरतूद करता येते. काही संस्था वृद्ध कुत्र्याचा वैद्यकीय खर्च स्वतः उचलून त्याला शेवटपर्यंत एका कुटुंबात ठेवतात. खर्चामुळे कचरणाऱ्या चांगल्या घरांसाठी हा मार्ग मोलाचा आहे.

दोन म्हातारी कुत्री एकत्र वाढलेली असतील, तर त्यांची ताटातूट शक्यतो करू नये.

ओळख, मुक्काम आणि पहिले तीन महिने

पहिली भेट कुत्र्याच्या स्वतःच्या घरी, मालकासमोर घडवावी. पुढच्या भेटीत नव्या माणसाने मालकाबरोबर फिरायला जावे आणि अर्ध्या वाटेवर पट्टा त्याच्या हाती यावा. मग एका रात्रीचा मुक्काम, मग तीन-चार दिवसांचा. मालकाची तब्येत तेवढा वेळ देत असेल, तर एवढे टप्पे पार पाडावेत. निघताना अंथरूण धुवू नये. त्यावरचा ओळखीचा वास हाच त्याला नव्या जागी आधार देतो. मालकाचा वापरलेला सदराही सोबत द्यावा. अन्न तेच ठेवावे आणि बदलायचेच असेल तर ७ ते १० दिवसांत थोडे थोडे मिसळत बदलावे.

निवारा केंद्रांत काम करणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस भांबावलेपण, तीन आठवड्यांत दिनक्रम अंगवळणी, तीन महिन्यांत घर आपले वाटणे. म्हाताऱ्या कुत्र्याला याहून जास्त वेळ लागला तर घाबरू नये. सुरुवातीला त्याला एकाच खोलीत ठेवावे, रात्री मंद दिवा चालू ठेवावा, फर्निचर हलवू नये, आणि निसरड्या जागी चटया घालाव्यात. पट्ट्याशिवाय बाहेर मुळीच सोडू नये, कारण या दिवसांत तो जुन्या घराच्या शोधात निघू शकतो. काही जमलेच नाही तर कुत्रा कोणाकडे परत यायचा, हे आधीच लिहून ठेवावे, म्हणजे तो परस्पर तिसऱ्याच हाती जाणार नाही.

मालकाशी धागा

नव्या घराने छायाचित्रे आणि निरोप ठरलेल्या दिवशी पाठवावेत. अधूनमधून कधीतरी पाठवलेल्या निरोपापेक्षा ठरलेल्या दिवशी आलेला निरोप वाट पाहणाऱ्या माणसाला जास्त धीर देतो. वृद्धाश्रमाची परवानगी असेल तर भेटी घडवाव्यात. भेटीनंतर कुत्रा बेचैन होईल म्हणून त्या टाळाव्यात असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही, दोघांना भेटीचा आनंद होत असेल तोवर त्या चालू ठेवाव्यात.

कुत्र्याचा त्रास वाढला तर त्याला वेदनामुक्त मृत्यू देण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, त्या वेळी मालकाला हजर राहायचे आहे का, आणि बातमी त्याला कोणी, कुठे बसून सांगायची, हे मालकाला विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. गळपट्टा त्याला परत हवा आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.